भिजत घोंगडे

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात एक छोटी बातमी अधूनमधून येते. राज्यातले सर्वांत कमी तापमान नगरला, पारा एक आकडी! आम्हा नगरकरांना या बातमीचे उगाचच कौतुक वाटते. त्या दिवशी आपण महाबळेश्वरालाही मागे टाकलेले असते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. थंडी मात्र आहे तीच आहे. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंची, पर्जन्यछायेतला मुलूख, कोरडी हवा आणि निरभ्र आभाळ. ढगांचे पांघरूण नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला आपण गोधडीत आणखी आत सरकतो.

मी निवृत्त माणूस. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून सहाला घराबाहेर पडतो. आत बनियन, वर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी आणि मुलाने परदेशातून आणलेले हातमोजे. या थाटात मागच्या हिवाळ्यात बाह्यवळण रस्त्याच्या कडेने चाललो होतो. चहाच्या टपरीपाशी एक छोटा टेंपो थांबलेला. मागच्या हौद्यात पंधरा-वीस बायका एकमेकींना खेटून उभ्या होत्या. कांद्याच्या लागवडीला निघालेल्या. प्रत्येकीच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात साधी चप्पल. त्यांतली एक माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आजोबा, लई थंडी वाजती का?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो. टेंपो निघून गेला. तासाभरात त्या ओल्या वाफ्यात वाकून बसणार होत्या. पाय चिखलात, बोटे चिखलात आणि हातात रोपांची जुडी. मी रिकामा चालत होतो तरी अंगावर पाच थर होते. ते हसणे मला घरी आल्यावरही पुरले. कामाच्या माणसाने थंडीत काय घालावे हा प्रश्न मला पूर्वी एकदा चांगला शिकवला गेला होता आणि मी तो विसरलो होतो, हे त्या निमित्ताने आठवले.

बसायचे कपडे, कामाचे कपडे

१९८७ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी बँकेत कृषी अधिकारी होतो आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका शाखेत नुकताच बदलून आलो होतो. विहिरीवरच्या मोटरीसाठी कर्ज घेतलेल्या एका शेतकऱ्याची पाहणी राहिली होती. वयस्कर गृहस्थ. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. दोनदा दिवसा गेलो तर मोटर बंद. आबा म्हणाले, "साहेब, मोटर चालताना बघायची आसंल तर रातच्याला या. दिवसा ती बी झोपती."

शेतीची वीज पाळीने येई, आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. माझ्या अंगात तारुण्य आणि नव्या अधिकाऱ्याचा उत्साह होता. रात्री अकराला मोटारसायकलवरून मळ्यात पोहोचलो. जाड पँट, लोकरी मोजे, चामड्याचे बूट, स्वेटर आणि लग्नातला कोट. आबांकडे पाहिले तर कीव आली. खाली अर्धी चड्डी आणि उघडे पाय. वर सदरा, बंडी, कानांवरून हनुवटीखाली गाठ मारलेला टॉवेल आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली घोंगडीची खोळ. मनात म्हटले, कर्जदाराची परिस्थिती बेताची दिसते.

लाइट आली. मोटर घुमली. पाटाने पाणी धावले आणि आबा फावडे घेऊन गव्हात शिरले. ज्यांनी रात्री दारे धरली नाहीत त्यांना सांगतो, हे काम बघायला संथ आणि करायला अवघड. एक वाफा भरत आला की त्याचे तोंड मातीने बंद करायचे, पुढच्याचे उघडायचे. मग तो भरेपर्यंत उभे राहायचे. पाच मिनिटे घाम काढणारी मेहनत, दहा मिनिटे नुसती वाट. पहाटेपर्यंत असेच.

मी मदतीला म्हणून पाटात पाय टाकला. पहिल्याच पावलाला बुटात पाणी शिरले. अर्ध्या तासात पँट गुडघ्यापर्यंत भिजून पोटऱ्यांना चिकटली. तासाभराने माझे दात वाजू लागले. बोलायला गेलो तर शब्द नीट फुटेना. आबांनी फावडे टाकले, मला विहिरीजवळच्या खोपटात नेले, बूट-मोजे काढायला लावले, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि स्वतःच्या कोरड्या टॉवेलने माझे पाय खसखसा पुसले. मग आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकून म्हणाले, "साहेब, तुमची कापडं बसायची हायेत. कामाची न्हाईत."

त्या रात्री आबांनी जे सांगितले त्यामागचे शास्त्र मी पुढे वाचले. ते त्यांच्या बाजूने निघाले. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ओला कपडा अंगाला चिकटला की तो पांघरूण राहत नाही, ऊब बाहेर नेणारी वाट होतो. उघडी पोटरी भिजली तर एकदा पुसली की कोरडी होते. भिजलेली पँट सकाळपर्यंत वाळत नाही. आबांचे उघडे पाय मी गरिबीच्या खाती लिहिले होते. ते अनुभवाच्या खाती लिहायला हवे होते. चप्पलसुद्धा त्यांनी कोरड्या बांधावर काढून ठेवली होती, म्हणजे बाहेर आल्यावर पायाला काहीतरी कोरडे मिळावे.

दुसरी गोष्ट घामाची. फावडे मारताना आबा घोंगडी काढून बांधावर ठेवत आणि वाट पाहताना पुन्हा पांघरत. राबणारे शरीर स्वतःच भट्टी असते. जड कपड्यात राबले की घाम येतो, कपडे आतून भिजतात आणि हात थांबला की तोच घाम गारठवतो. म्हणून काम सुरू करताना थोडे कुडकुडतच सुरू करावे आणि थांबताक्षणी अंगावर घ्यावे. एका जाड कोटापेक्षा सहज काढता-घालता येतील असे तीन पातळ कपडे बरे.

तिसरी गोष्ट कान, मान आणि मनगटांची. शरीरातली निम्मी ऊब डोक्यातून जाते असे आमच्या लहानपणी सांगत. ते काही खरे नाही. डोके उघडे असेल तर त्याच्या आकाराच्या मानानेच ऊब जाते. पण वारा झोंबतो तो उघड्या जागीच, आणि अंगभर कपडे घातलेल्या माणसाच्या उघड्या जागा याच. बोटे बधिर झाली की अवजार हातातून निसटते. फावडे निसटले तर निभावते, कोयता निसटला तर निभावत नाही.

एक गोष्ट मात्र आबांनी सांगितली नाही, मी सांगतो. थंडी मारायला म्हणून घेतलेली दारू घटकाभर उबदार वाटते खरी, पण ती कातडीकडचे रक्त वाढवून आतली ऊब बाहेर काढते. आणि बंद खोपटात निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला कळत नाही.

घोंगडीचे मोल

आबांची ती घोंगडी दोन दिवस माझ्या अंगाला टोचत होती, असे वाटत राहिले. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसते. जाड, खरखरीत आणि बहुतेक काळी. पण लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सुती कापड घाम पिते आणि अंगाला बिलगते. दंव, भुरभुर पाऊस, वारा यांना घोंगडीइतके चोख उत्तर आपल्या शेतकऱ्याजवळ दुसरे नव्हते. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरायच्या, लोकर पिंजायची, धनगराच्या घरी सूत कातायचे आणि सनगराच्या मागावर विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ. हीच घोंगडी अंथरायला, पांघरायला, पावसात खोळ करायला, धान्य वाळवायला आणि देवापुढे घालायला. गवळणींतल्या कृष्णाच्या खांद्यावर संतांनी कांबळे दिले ते उगाच नव्हे. गुरांमागे रानात हिंडणाऱ्याचा तो गणवेशच होता.

पण घोंगडी पुरती भिजली की दगडासारखी जड होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. नीट पिळताही येत नाही. एखादे काम ना पुढे ना मागे असे पडून राहिले की आपण त्याला 'भिजत घोंगडे' म्हणतो ते यावरूनच.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगायला हवी. त्याच हिवाळ्यात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मेंढ्यांसाठी कर्जप्रकरणे आली होती. १९८० पासून देशातल्या सगळ्या तालुक्यांत लागू झालेली ही योजना. काही रक्कम अनुदान, काही कर्ज. एक भूमिहीन तरुण समोर बसला होता. मेंढ्यांचा गट, औषधे, विमा असा खर्चाचा तक्ता मी भरत होतो. त्याने विचारले, त्यात एका घोंगडीचे पैसे बसतील का? रात्री दुसऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, म्हणजे त्यांच्या लेंडीखताचे चार पैसे आणि धान्य मिळते. पण राखणीला उघड्यावर झोपावे लागते. घोंगडीची ओळ मी लिहिली होती. मग नियम आठवले आणि मी तिच्यावर रेघ मारली. घोंगडी ही उपभोगाची वस्तू. कर्ज फक्त उत्पादक बाबींना.

तो म्हणाला, "साहेब, मेंढरांना लोकर हाय. ती कातरून माझी घोंगडी व्हईस्तोवर थंडी सरंल."

मी नियमावली दाखवली. तिच्याप्रमाणे मी बरोबर होतो. मेंढी मेली तर विमा होता, मेंढपाळ आजारी पडला तर त्या तक्त्यात रकानाच नव्हता. आणि हे मी आबांच्या खोपटातली रात्र अनुभवल्यावर केले. पुढे ते कर्ज त्याने फेडले, एवढे मला ठाऊक आहे. तो हिवाळा त्याने कसा काढला हे मी विचारले नाही.

आज ढवळपुरीसारख्या पारनेर तालुक्यातल्या गावांतून दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणाकडे जातात, पण मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही तिच्यातून निघत नाही, म्हणून कित्येक जण ती टाकून देतात. हाताने विणलेली घोंगडी महाग पडते आणि बाजारात पानिपतची ब्लँकेटे तिच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात. पानिपताने आपल्याला दुसऱ्यांदा गाठले म्हणायचे! ती ब्लँकेटे वाईट नाहीत, मऊ असतात, घरात उत्तम. पण कृत्रिम धाग्याचे ते मऊ ब्लँकेट शेकोटीजवळ ठिणगीने वितळते आणि दंवात मेंढ्यांमागे नेता येत नाही. घोंगडी उरली आहे ती सत्काराला. ३१ मे हा अहिल्यादेवींच्या जयंतीचा दिवस. त्यांच्या जन्मगावी, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडी घालून हातात काठी देतात. मान मोठा आहे, तो दिलाच पाहिजे. पण ऐन मे महिन्याच्या उन्हात घोंगडी पांघरून घाम पुसणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिले की जानेवारीतल्या रानातला तो तरुण मला आठवतो.

साडीवरचा शर्ट

आमचा जिल्हा साखरेचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला आणि १९५०च्या अखेरीस तिथे ऊस गाळला जाऊ लागला. मग एकामागून एक कारखाने निघाले. ऊस तोडणारे मात्र बरेचसे कोरडवाहू भागातले. बीडचे, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे थंडी सबंध त्यांच्या वाट्याला. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पहाटे चारला उठून फडात. उसाचे पान दंवाने ओले, आणि त्याला करवतीसारखी धार.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त मंडळींनी वर्गणी काढून एका टोळीला पन्नास स्वेटर वाटले. फोटो निघाला. आठवड्याने मी सहज सकाळी त्या फडात गेलो. एकाही बाईच्या अंगात स्वेटर नव्हता. सगळ्याजणी साडीवर शर्ट घालून तोडत होत्या. मला जरा वाईट वाटले. विकले की काय, अशी शंकाही आली. खोटे कशाला बोलू?

एक मध्यमवयीन बाई मोळी बांधता बांधता म्हणाल्या, "बाबा, सेटरला पाचट धरतं. एकदा कुसं आडाकली का निघत न्हाईत. लेकराला घातलाय बगा." बांधावर गोधडीत गुंडाळलेले मूल झोपले होते. मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या बाह्या त्याच्याभोवती दोनदा फिरल्या होत्या. "आन मालक रातच्याला गाडी भरताना घालत्यात."

मी विचारले, मग तुम्हाला काय पाहिजे होते?

"जुनं शर्ट आना. जाड, फुल बाह्यांचं. आन मोजं."

वाटण्याआधी हे कोणी विचारले नव्हते. तो शर्ट म्हणजे त्यांचे चिलखत. पानाच्या धारेपासून हात वाचतात, दंव थेट अंगाला लागत नाही, दहा वाजता ऊन चढले की काढून कमरेला बांधता येतो आणि पदर कोयत्यात अडकत नाही. मोजे रात्रीसाठी. ट्रक किंवा ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसतो. रात्री एकला आला तर एकला उठून डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढायचे. घामाघूम होऊन कोपीत परतायचे आणि दोन तासांनी पुन्हा फड.

आजारी पडणे परवडत नाही, कारण 'खाडा' असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. कामाचा दिवस बुडाला की मुकादमाच्या वहीत खाडा पडतो आणि तो उचलीवर चढतो. म्हणजे थंडीने ताप आला तर त्या तापाची रक्कमही तोडणाऱ्याच्याच नावावर. तोडणीचा दर टनावर ठरतो, वाहतुकीचा अंतरावर ठरतो. चार महिने अंगावर घेतलेली थंडी कोणत्याच दरात धरलेली नसते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ निघाले आहे. तिथे नोंदणीबरोबर दरवर्षी दोन जाड शर्ट, दोन जोड मोजे आणि पोराला एक टोपरे एवढे जरी ठरले, तरी ती भीक होणार नाही. ते कामाचे साहित्य आहे, कोयत्यासारखेच.

कोटाचे परिपत्रक

आमच्या शाखेत रात्रीचा पहारेकरी होता. त्याला बँकेकडून थंडीचा लोकरी कोट मिळे. एका वर्षी कापड यायला उशीर झाला तर युनियनने पत्र दिले, मी ते वर पाठवले आणि कोट आला. कोणालाही त्यात गैर वाटले नाही. रात्री जागणाऱ्या माणसाला ऊब देणे हा कचेरीचा खर्च आहे, हे सर्वांना मान्य होते. त्याच कचेरीतून, त्याच टेबलावर, मी मेंढपाळाच्या घोंगडीवर रेघ मारली. एकाच्या थंडीचा हिशेब कागदावर होता, दुसऱ्याची थंडी त्याची त्याने पाहायची होती. आणि आबांना मोटरीचे कर्ज देताना विहिरीची खोली विचारली, अश्वशक्ती विचारली, सातबारा पाहिला; ती मोटर रात्री चालली तर पाणी कोण धरणार हा प्रश्न आमच्या अर्जात नव्हता.

तो प्रश्न अजून संपलेला नाही. दिवसा वीज द्या ही मागणी माझ्या नोकरीच्या सुरुवातीलाही होती आणि निवृत्तीच्या दिवशीही होती. मधल्या काळात उसाच्या फडांतून बिबट्या वाढला आणि रात्रीचे भरणे आणखी धास्तीचे झाले. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांतला एक आमच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला. २०२३ मध्ये तिचा पुढचा टप्पा आला. गावाजवळच सौर वीज तयार करून ती दिवसा शेतीला द्यायची, अशी कल्पना. जिथे ती पोहोचली तिथे माणसे रात्री घरी झोपू लागली आहेत. मला विचाराल तर थंडीत शेतकऱ्याला घालता येईल असा हा सर्वांत चांगला कपडा आहे. पण वीज पोहोचली नाही तिथे मध्यरात्री अजून बॅटरीचे झोत हलताना दिसतात. तिथले घोंगडे भिजतच आहे.

त्या कांद्याच्या बायका भेटल्या त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाट उघडले. बँकेत जायचे फुल बाह्यांचे शर्ट, निवृत्तीपासून इस्त्री करून ठेवलेले. मोजले तर एकवीस भरले. बायको म्हणाली, "सगळे देताय? एखादा ठेवा लग्नकार्याला." दोन ठेवले. बाकीचे तिने अंथरुणावर पसरले आणि चष्मा लावून एकेकाची बटणे तपासत बसली. म्हटले, असू दे, त्या लावून घेतील. ती म्हणाली, "पहाटे चारला, गारठलेल्या बोटांनी?"

तीन शर्टांची बटणे गेली होती. तिने ती लावली, दोऱ्याला दोन गाठी जास्त मारल्या आणि मग पिशवी माझ्या हातात दिली.